परतवाड्याकडचा क्यू बनवणारा भाऊ: काम एक नंबर, तारखेचा भरोसा नाही

सुरुवातीलाच सांगून टाकतो म्हणजे ज्याला पूर्ण वाचायचा कंटाळा आहे तो इथूनच परत फिरेल. बुडाला सोनेरी अक्षरात नाव कोरलेला, फोटोत भारी दिसणारा क्यू, म्हणजे पूलच्या टेबलावर बॉल मारायची काठी, पाहिजे असेल तर या माणसाकडे जाऊ नका, तो तुमचं डोकं खाईल अन तुम्ही त्याचं. पण नेमानं टेबलावर जात असाल, पार्लरच्या वाकड्या काठ्यांनी खेळून खेळून वैतागला असाल, अन आपल्याला क्यूकडून काय पाहिजे हे थोडंफार सांगता येत असेल, तर आख्ख्या विदर्भात मला तरी याच्या तोडीचा दुसरा माहीत नाही. माझ्या क्यूनं एक उन्हाळा अन एक पावसाळा काढला, म्हणून आता लिहितो. नवीन असताना सगळेच क्यू चांगले वाटतात राजेहो.

दुकान म्हणजे दुकान नाहीच. परतवाड्याहून अंजनगावच्या रस्त्यानं निघायचं, संत्र्याच्या बागा लागल्या की आत एका खेड्यात घर आहे, घरामागं टिनाचं शेड, बोर्ड बिर्ड काही नाही. गावाचं नाव अन नंबर टाकत नाही कारण त्यानंच नको म्हटलं, लोक न सांगता येऊन उभे राहतात अन चालू लेथ बंद करावी लागते. परतवाड्यात पूल पार्लरवाल्याला विचारा, तो सांगते बरोबर. शेडमध्ये अर्ध्या भागात त्याच्या वडिलांचं सुतारकाम अन अर्ध्या भागात याच्या दोन लेथ, मधात एक जुनं आठ फुटी टेबल, कापड दोन ठिकाणी शिवलेलं पण लेव्हल एकदम बरोबर. बाबा जुने सुतार, बंड्या, वखर, तिफणी सगळं हातानं केलेलं, आता बंडीला कोण विचारते, म्हणून ते तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी बैल बनवतात. मी गेलो तेव्हा पोराचा रेट ऐकून मला म्हणाले, "एवढ्या पैशात आमच्या जमान्यात बैलजोडीसकट बंडी आली असती." पोरगा हसला, काही बोलला नाही, हे रोजचंच असेल.

भाऊ स्वतः खेळणारा, अन साधासुधा नाही. अमरावतीला कॉलेजात होता तेव्हापासून टेबलावर, मग नागपूर, अकोला, जिथं ओपन मॅच असेल तिथं जाणार. जुने लोक आजही सांगतात की याच्यासोबत पैसे लावायचे नाहीत. क्यू बनवायचं त्याच्या डोक्यात नव्हतंच, पार्लरच्या क्यूची टिप, म्हणजे टोकावरचं चामडं, उडाली की तोच बसवून द्यायचा कारण बाकी कोणाला यायचं नाही, लोक फेविक्विक ओतून चामडं चिकटवायचे अन दोन ब्रेकमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या जोराच्या फटक्यात, ते कोपऱ्यात उडून जायचं. टिपवरून फेरूल म्हणजे टिपखालची टोपी, फेरूलवरून जॉइंट म्हणजे क्यूचे दोन भाग जुळतात ती जागा, असं करत करत बाबाची लाकूड कातायची लेथ याच्या ताब्यात गेली. मग एक धातूची सेकंडहँड लेथ घेतली कारण लाकडाच्या लेथवर मिलिमीटरचा हिशोब लागत नाही. भिंतीवर विश्वकर्म्याच्या कॅलेंडरच्या बाजूला जॉर्ज बालाबुश्काचा प्रिंटआउट चिकटवलेला आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा 1912 साली रशियात जन्मलेला अन लहानपणीच अमेरिकेत गेलेला माणूस, सुतारकाम येणारा, 1959 मध्ये भागीदारीत पूल रूम घेतली, दोस्तांसाठी क्यू बनवायला लागला अन असं नाव झालं की 1975 ला वारला तरी त्याचे क्यू आजही कलेक्टर लोक लाखो रुपये मोजून घेतात. आमच्या भाऊला त्याच्याबद्दल विचारलं की पाणी आणायला उठतो, लाजतो बहुतेक.

आता मुद्द्याचं. ऑर्डर द्यायला गेलं की हा माणूस कॅटलॉग दाखवत नाही, कारण कॅटलॉग नाहीच. एक पार्लरचा जुना क्यू हातात देतो अन म्हणतो, "क्यू मंग पाहू, आधी खेळून दाखव." तुम्ही खेळत राहता अन तो स्टुलावर बसून पाहत राहतो, मधातच उठून मागं येतो, तुमचा मागचा हात क्यूवर कुठं पडते तिथं पेन्सिलनं खूण करतो, ब्रिज, म्हणजे ज्यावर क्यू टेकतो तो समोरचा हात, बॉलपासून किती लांब ठेवता ते टेपनं मोजतो, वहीत लिहितो. मी मुद्दाम कठीण शॉट मारून दाखवत होतो तर म्हणाला, "माह्यासाठी खेळू नको, रोज खेळतो तसा खेळ." मग साईड लावून, म्हणजे बॉलच्या मधात न मारता बाजूला मारून, लांबचा एक सरळ शॉट पुन्हा पुन्हा मारायला लावला, टेबलाच्या पलीकडच्या कुशनवर, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीवर, खडूनं खुणा करत होता की व्हाईट बॉल प्रत्यक्षात कुठं लागते. शेवटी निकाल दिला, "तुले साईड मारायची लय सवय हाये, अन गरज नसताना मारतो. शाफ्ट तुले समोरून हलका लागन."

शाफ्ट म्हणजे क्यूचा समोरचा बारीक भाग, अन हे समोरून हलका म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण लोक इथंच फसतात अन वजन जास्त म्हणजे क्यू भारी असं समजतात. बॉलच्या मधात न मारता बाजूला मारलं की व्हाईट बॉल क्यूच्या रेषेत सरळ जात नाही, उलट्या बाजूला थोडा सरकून निघते. किती सरकेल हे मुख्य करून क्यूच्या टोकाकडच्या पाच-सात इंचात किती वजन आहे त्यावर ठरते, पूर्ण क्यूच्या वजनावर नाही. टोक जड असलं की ते बॉलला जास्त ढकलते, हलकं असलं की टोकच बाजूला होऊन जाते अन बॉल कमी सरकते. अमेरिकेत 1990 च्या दशकात प्रीडेटर कंपनीनं टोकाशी आतून पोकळ केलेले शाफ्ट काढले ते ह्याच हिशोबावर. आमच्या भाऊनं ते कुठं शिकलं विचारलं तर म्हणे मोडलेला एक शाफ्ट दुरुस्तीला आला होता, कापून पाहिला. माझ्या शाफ्टला टोकातून आत बारीक भोक आहे, फेरूलही छोटं अन पातळ आहे, बाहेरून काही कळत नाही. पण साईड लावताना मी आधी जेवढा अंदाज धरून नेम बाजूला घ्यायचो तेवढा आता घ्यावा लागत नाही. सुरुवातीचे काही दिवस याच कारणानं सगळे शॉट चुकत होते, डोळ्याला जुनी सवय, हे ध्यानात ठेवा अन लगेच फोन करून शिव्या देऊ नका.

लाकडाबद्दल त्याच्याशी वाद घालायचा नाही. परतवाडा म्हणजे मेळघाटच्या सागवानाची मोठी बाजारपेठ, त्यामुळे येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य हेच म्हणतो की भाऊ पूर्ण क्यू सागाचा करून दे, आपल्या मातीतला. माझ्यासमोरच एक जण आला होता वरूडकडचा, त्याला सरळ म्हणाला, "सागाचा शाफ्ट कायले पाह्यजे तुले? दरवाजा बसवाचा हाये काय?" तो बिचारा वरमला, पण बोलणं बरोबर आहे. साग उन्हापावसात टिकते, वाळवी लवकर लागत नाही, म्हणून दारं-खिडक्यांना त्याच्यासारखं लाकूड नाही, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये चंद्रपूरचाच साग गेला ना. पण शाफ्टला मेपलसारखं टणक अन दाबलं की परत सरळ होणारं लाकूड लागते, अन साग तेलकट असल्यानं त्याला गोंदही नीट धरत नाही, चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून घ्यावा लागते. मेपल थंड मुलखातलं झाड, हळू वाढते म्हणून रेषा जवळजवळ असतात. त्याचे गोल दांडे तो मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मागवतो अन त्यातले बरेचसे नापास करून बाबाला देतो, बाबा त्याचे बैलांच्या गाडीचे आख करतात. कॅनडाच्या मेपलचे आख असलेले तान्ह्या पोळ्याचे बैल, आहे ना भारी.

बुडाच्या, म्हणजे मागच्या जाड, भागात मात्र आपल्याकडचं लाकूड तो दिलखुलास वापरतो. माझ्यात समोरचा भाग शिसवीचा आहे, त्यात घुसलेले चार काळे पॉइंट, म्हणजे टोकदार नक्षीचे तुकडे, तेंदूच्या गाभ्याचे, अन खालची स्लीव्ह, म्हणजे पकडीखालचा भाग, सागाची. तेंदू म्हणजे तोच ज्याची पानं बिडीला जातात, आपण सगळे त्याला पानासाठी अन फळासाठीच ओळखतो, पण जुन्या झाडाच्या आतला गाभा काळाभोर अन दगडासारखा टणक निघते, आबनूसच्याच कुळातलं झाड आहे ते. मोठा तुकडा मिळत नाही पण पॉइंटला मोठा लागतच नाही. ब्रेक क्यूचं बूड तो धावड्याचं करतो, कुऱ्हाडीच्या दांड्याला जे लाकूड चालते ते ब्रेकलाही चालते असं त्याचं म्हणणं, अन मी मारून पाहिला, हाताला झणझण येत नाही. एक गोष्ट चांगली वाटली, लाकडाबद्दल विचारलं की फाईल काढून डेपोच्या लिलावाची पावती अन टीपी, म्हणजे लाकूड वाहतुकीचा परवाना, दाखवतो. मेळघाटच्या पायथ्याशी बसून लाकडाचा धंदा करायचा तर कागद पाहिजेच, पण गिऱ्हाईकाला दाखवणारे कमी. अन शिसवीचा क्यू कोणाला परदेशात पाठवायचा असेल तर तो आधीच नाही म्हणतो, 2017 पासून शिसवीच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमात आल्या आहेत, कोण त्या भानगडीत पडते.

ह्या सगळ्या लाकडाच्या आतून, शिसव असो की साग, मेपलचा एक सरळ दांडा घातलेला असते, गाभा म्हणून. आधी वरचं लाकूड लांबीत पोकळ करायचं अन आत मेपल चिकटवायचं, म्हणजे वरचं लाकूड कितीही रुसलं तरी आतला दांडा त्याला धरून ठेवते.

अन रुसते हो, आपल्या हवेत लाकूड रुसतेच. मे महिन्यात पारा 45 ला टेकलेला, हवेत ओल म्हणून नाही, ओठ फुटतात, अन जुलैत तेच लाकूड पाणी पिऊन फुगते. बाहेरून मागवलेले महागाचे क्यू आपल्याकडे येऊन पहिल्याच वर्षी वाकतात ते यामुळंच, कंपनीचा दोष असतोच असं नाही. भाऊचं उत्तर म्हणजे फक्त वेळ. शाफ्टचा दांडा आधी पाहिजे त्यापेक्षा बराच जाड ठेवून कातायचा अन दोरीला उभा टांगून द्यायचा. काही आठवडे गेले की थोडं कातायचं, पुन्हा टांगायचा. जो वाकला तो बाद, जो सरळ राहिला तो पुढच्या कटाला पात्र. शेडच्या आतल्या खोलीत छताला असे दांडे लटकलेले आहेत, प्रत्येकावर पेन्सिलनं तारीख, काहींवर दोन वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात शेवटचा कट तो घेतच नाही, कितीही घाई सांगा. मधातून एखादा दांडा बोटांत धरून दुसऱ्या हातानं टिचकी मारतो अन कानाजवळ नेऊन ऐकतो, आवाज बद्द आला की बाजूला ठेवतो. मला म्हणाला ऐक, मी ऐकलं, मला दोन्ही सारखेच वाटले, पण मान हलवली.

माझा क्यू असा आहे: लांबी 58 इंच, वजन 19 औंस म्हणजे आपल्या काट्यावर 538-539 ग्राम, टिप 12.4 मिलिमीटर, जॉइंट लाकडाला लाकूड भिडणारा, जाड आट्याच्या पिनचा. टिपपासून मागं साधारण फूटभर शाफ्टची जाडी वाढतच नाही, नंतर हळूहळू वाढते, त्यामुळं ब्रिजमधून क्यू मागंपुढं जाताना बोटांत फुगल्यासारखा वाटत नाही. बॅलन्स त्यानं मुद्दाम थोडा समोर ठेवला कारण मी क्यू फार मागं धरतो. इथं पाहा, समोरचं टोक हलकं पण पूर्ण क्यूचा तोल पुढं, हे दोन्ही एकत्र कसं बसवलं मला कळलं नव्हतं, तर जॉइंटच्या भागात वजन आहे, टोकाला नाही. दुकानातला तयार क्यू घेतला तर हा हिशोब कोणी करून देत नाही, बुडात एक बोल्ट कमीजास्त करून देतात अन झाला म्हणे कस्टम.

पकडीवर दोरा गुंडाळायचा की नाही यावर आमची थोडी चकमक झाली. मला पाहिजे होता, अमेरिकन क्यूवर असते तसा. आयरिश लिनन म्हणजे जवसाच्या झाडाचा धागा, तो बाहेरून येते अन महाग पडते. मी म्हटलं आपण कापसाच्या पट्ट्यात राहतो, सुती दोरा गुंडाळ की. तो म्हणाला करून पाहिला, महिन्याभरात घामानं मऊ पडते, रोवा निघते अन काळा होते. शेवटी काहीच गुंडाळलं नाही, नुसतं लाकूड अन वरून पातळ पॉलिश, अन घाम पुसायला खिशात फडकं. आता वाटते ते बरं झालं.

टिप बसवताना मात्र बाजूला उभं राहून पाहा, पैसे तिथंच वसूल होतात. शाफ्ट लेथमध्ये धरून फेरूलचं तोंड आधी एकदम सपाट करतो, धारदार पोलादी पट्टी आडवी लावून उजेडाकडं धरतो अन खालून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा. मग टिपची खालची बाजू सॅंडपेपरवर आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासतो, तीही सपाट. गोंद अगदी थेंबभर, वरून अंगठ्यानं दाबून धरतो अन तेवढ्या वेळात कोणी बोललं तरी उत्तर देत नाही. गोंद सुकल्यावर लेथ हळू फिरवून ब्लेडनं टिपची कड फेरूलच्या बरोबरीत कापतो, चामड्याची बारीक पट्टी सोलून निघते, मग कडेला ओलं बोट लावून चामड्याच्याच तुकड्यानं दाबून घासतो तर ती कड चकाकायला लागते, म्हणजे पुढं टिप बाजूनं फुगत नाही. शेवटी गोलाई. अमेरिकन लोक ती त्यांच्या निकेल नावाच्या पाच सेंटच्या नाण्यावर मोजतात, ते नाणं 21 मिलिमीटरच्या थोडं वर असते, अन आपलं 2011 नंतरचं एक रुपयाचं नाणं जवळपास 22, तर हा खिशातून रुपया काढतो अन टिपवर आडवा लावून पाहतो. फाजील रुपया कधी कामी येईल सांगता येत नाही. नुसती टिप बसवून घ्यायची असेल तर 300 रुपये मजुरी अन टिपचे वेगळे, अन माझं मत असं की क्यू नका घेऊ वाटलं तर, पण जो आहे त्याची टिप एकदा याच्याकडून बसवून घ्या.

सगळं झाल्यावर तो तुमच्यासोबत एक रॅक, म्हणजे एक डाव, खेळतो, त्याच क्यूनं. हे तपासणी म्हणून असते असं तो म्हणतो, मला वाटते त्याला खेळायचं असते. ब्रेकनंतर दोन बॉल एकमेकाला चिकटून कुशनजवळ होते, मी असतो तर सेफ्टी, म्हणजे समोरच्याला अडवायचा बचावाचा शॉट, खेळून बाजूला झालो असतो. त्यानं आधी दुसराच एक सोपा बॉल पॉट केला अन व्हाईटला खालून स्क्रू देऊन असा मागं खेचला की तो बाजूच्या कुशनला लागून त्या दोन बॉलवर हलकेच जाऊन टेकला, दोन्ही सुटे झाले, व्हाईट मधात मोकळा. जोर किती तर दोन्ही बॉल जेमतेम हातभर सरकले. मग बाकीचं टेबल साफ, मी खडू हातात घेऊन उभाच. क्यू पुसून माझ्या हातात दिला अन म्हणाला, "बरोबर हाये, पण तुह्यासाठी अजून थोडा आवळाव लागन," म्हणजे जॉइंट. तो तिथंच पुन्हा काढून नीट केला. कारखान्यातल्या मशीनला हे कळत नाही, नुसत्या सुतारालाही कळलं नसतं.

आता तक्रारी, कारण आहेत.

पहिली अन सगळ्यात मोठी, तारीख. त्यानं दिवाळीच्या आधी देतो म्हटलं होतं, क्यू हातात पडला तेव्हा थंडी संपत आली होती. मधात फोन केला तर उचलत नाही, उचलला तर म्हणतो शाफ्ट टांगलेला हाये, लटकू दे. लाकडाचं कारण मला पटते, वर लिहिलंच आहे, पण मग आधीच खरी तारीख सांगावी ना भाऊ. अर्धे पैसे ॲडव्हान्स घेतलेले असतात, माणसाच्या पोटात गोळा येते. पोळ्याच्या आधीचा महिना तर विसराच, बाबाचे बैल, त्यांची चाकं, रंग, सगळं घर त्यात लागलेलं असते अन लेथवर क्यूऐवजी चाकं फिरत असतात.

दुसरी तक्रार फिनिशची. खेळण्याशी तिचा संबंध नाही पण पैसे दिले आहेत तर बोलणार. माझ्या क्यूवर स्लीव्हच्या वर एका ठिकाणी पॉलिशचा ओघळ आहे, नखाला लागते. चार पॉइंटपैकी एक बाकीच्यांपेक्षा किंचित आखूड आहे, तिरपा धरून पाहिलं की दिसते. दाखवलं तर म्हणाला, "बॉलले दिसते काय?" अरे बॉलला नाही पण मला दिसते ना. बुडाचं रबर दोनदा निघालं, दुसऱ्या वेळी त्यानं स्क्रू लावून दिला फुकटात, ते बरं. सोबत कव्हर बिव्हर काही देत नाही, पॉलिथिनमध्ये गुंडाळून देतो, केस तुमचा तुम्ही आणा.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणावी की नाही मला ठरवता येत नाही. तो खेळणारा असल्यानं त्याला स्वतःच्या आवडी आहेत अन त्या तो तुमच्या क्यूत घुसवतो. त्याला टणक टिप आवडते, कडक शाफ्ट आवडते, मारल्यावर टक् असा आवाज पाहिजे. मला मध्यम टिप पाहिजे होती, ती मिळवायला मला अर्धा तास बसून बोलावं लागलं, शेवटी दिली पण तोंड वाकडं करून. जो नवीन मुलगा असेल, ज्याला अजून स्वतःची आवड कळलेली नाही, तो याच्या शेडमधून याच्याच आवडीचा क्यू घेऊन बाहेर पडेल. तो क्यू चांगलाच असेल, पण त्याचा असेल की नाही सांगता येत नाही. त्यामुळं माझा सल्ला, निदान वर्षभर तरी पार्लरमध्ये वेगवेगळ्या क्यूनं खेळा, मग जा.

पैशाचं बोलायचं तर साधा, बिना पॉइंटचा क्यू मी गेलो तेव्हा 12,000 ला होता, माझा पॉइंटवाला 19,500 ला पडला, जास्तीचा शाफ्ट घेतला तर त्याचे वेगळे. स्वस्त नाही, गावाकडं बसला म्हणून स्वस्त देईल असं समजून जाऊ नका. ह्याच पैशात चीनचा चकाचक क्यू केससकट घरी येते, अन पाहुण्यांना दाखवायला तोच बरा. आजकाल कार्बन फायबरचे शाफ्ट निघालेत, त्यांना ऊन-पाऊस लागत नाही, वाकत नाहीत, आपल्या हवेला खरं तर तेच बरे असं माझंही मत आहे, पण चांगला कार्बन शाफ्ट घ्यायचा तर एकट्या शाफ्टला याच्या पूर्ण क्यूपेक्षा जास्त पैसे जातात. भाऊ कार्बन बनवत नाही, पण तुम्ही आणला तर त्याच्या बुडाला बसेल असा जॉइंट करून देतो, नाक न मुरडता. हे मला आवडलं, कारण लाकडाच्या प्रेमात पडलेले लोक सहसा कार्बनचं नाव काढलं की भांडतात.

स्नूकरवाल्यांनी लक्षात घ्या, हा पूलचेच क्यू करतो. स्नूकरचा बॉल छोटा, 52.5 मिलिमीटरचा, पूलचा 57 चा, तिकडं टिप साडेनऊच्या आसपास लागते, पितळी फेरूल, ॲशचं लाकूड, सगळाच हिशोब वेगळा. मी त्याला म्हटलं की स्नूकर 1875 मध्ये आपल्या शेजारी जबलपूरला इंग्रज अफसरांच्या मेसमध्ये निघाला, नागपूरहून सरळ वर गेलं की झालं, तू निदान एक तरी करून पाहा. म्हणाला ॲश मिळवून दे, करतो. कोणाच्या ओळखीत चांगल्या ॲशचे दांडे देणारा असेल तर खरंच सांगा, मी पोचवतो त्याच्यापर्यंत.

क्यू घेतल्यावर काय करायचं तेही लिहितो कारण तो स्वतः एकदाच सांगतो अन घाईत सांगतो. भिंतीला तिरपा टेकवून ठेवायचा नाही, आडवा पूर्ण टेकलेला किंवा उभा टांगलेला. मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नाही, शाफ्ट दुपारभरात नाटक करायला लागते. घाम अन खडू रोज कोरड्या फडक्यानं पुसायचा, ओल्या नाही. सॅंडपेपर मारून शाफ्ट गुळगुळीत करायची हौस कोणाला असेल तर हात बांधून ठेवा, दरवेळी थोडं लाकूड जाते अन वर्षात 12.4 चा 12 होते. सरळ आहे की नाही ते जॉइंट उघडून शाफ्ट एकटा टेबलावर लोळवून पाहायचा, पूर्ण क्यू लोळवला अन हलला तर दोष शाफ्टचा की जॉइंटचा ते कळत नाही. माझा यंदा पावसाळ्यानंतर लोळवला, खालच्या उजेडाची रेघ हलली नाही.

जायचं असेल तर सकाळी जा, दहाच्या आत, नंतर लाईटचा भरोसा नाही अन लाईट गेली की लेथ बंद, मग तो तुम्हाला बसवून ठेवून पूल खेळवतो अन तुमचे पैसे जातात. स्वतःच्या क्यूचा फोटो वगैरे नेऊ नका, बघत नाही. तुमचा आत्ता वापरत असलेला क्यू मात्र सोबत न्या, टिप कशी झिजली ते पाहून तो तुमच्याबद्दल बरंच काही ओळखतो. येताना परतवाड्यात थांबून गिला वडा खाऊन या. अन तारीख विचारू नका, विचारलीच तर तो जी सांगेल तिच्यात तीन महिने जोडा.